कान लावलेलं झाड

वनरक्षकाचे कान गेले, तेव्हापासून झाडं ऐकायचं काम बायकोकडे आलं. दोन वर्षं पाऊस नव्हता. तहानलेल्या झाडाला डिंक सुटत नाही, आणि किड्यांना अडवणारा डिंक नसला की खोडकिड्यांचं आयतंच फावतं. ती खोडाला कान लावायची, आत कुरकुर ऐकू आली की मान हलवायची, आणि तो तांबडी फुली मारायचा. फुलीचं झाड तोडायचं. नाहीतर ते उभ्याउभ्या वाळतं आणि एका ठिणगीसरशी सगळं रान पेटवतं.

चौकीमागच्या झाडाशी मात्र ती जरा जास्तच वेळ थांबली. लेक झाली तेव्हा दोघांनी लावलेलं झाड ते.

"ठणठणीत आहे हो!" ती त्याच्या कानाशी ओरडली.

त्याने तिच्या केसांत अडकलेला भुसा हळूच झटकला. किड्यांनी पोखरून बाहेर टाकलेला, अगदी ताजा.

"अगं, मी बहिरा आहे, आंधळा नाही."

तिचे डोळे भरून आले. मग तिनेच डब्यातला कुंचला उचलून त्याच्या हातात दिला.

"मारा फुली. पण मी कान लावला तिथे नको, जरा खाली मारा."