पोलीसही तोच, गुंडही तोच

पडद्यावर पोलीस गुंडांच्या टोळीमागे धावत सुटले आणि दिग्दर्शकानं कपाळाला हात लावला. "अहो, हा तर स्वतःलाच पकडायला निघालाय!"

खोटं नव्हतं ते. मूकपट काढणाऱ्या त्या कंपनीत माणसं मोजकी. सकाळी ज्यांच्या अंगावर पोलिसाचा गणवेश चढवायचा, त्यांनाच दुपारी गळ्यात रुमाल बांधून गुंड करायचं. एरवी हे खपून जायचं. या खेपेला मात्र दोन्ही चेहरे एकापाठोपाठ एक आले, आणि ते होते फिती जोडणाऱ्या बाईच्या नवऱ्याचे. चित्रण संपलं आणि पंधरवड्याच्या आत तो तापानं गेला होता. ती तिथंच, मागच्या खुर्चीत बसलेली.

सगळे तिला वहिनी म्हणत. कुणीच हसलं नाही. दिग्दर्शक मान खाली घालून म्हणाला, "एक तुकडा काढावा लागेल, वहिनी. कुठला, ते तुम्हीच ठरवा."

ठरवा म्हणे! घरात त्याचा एक फोटो नव्हता. काढू काढू म्हणत राहूनच गेलं होतं. आता नवरा म्हणून जे काही उरलं होतं, ते या दोन तुकड्यांत.

पोलीस झालेला तो छाती काढून उभा होता, खोट्या मिशांत अगदी परका. गुंड झालेला मात्र गल्लीच्या तोंडाशी वळून बघत होता, ओठ मुडपून हसत. कामाला निघताना दारातून तो अस्साच बघायचा. पुढे त्याला गोळी लागत होती, पण ते राहू द्या. तिला हवा होता तो हाच.

घरी सासूबाईंना सांगितलं, तर त्यांना रडूच फुटलं. "गुंड नको गं. तो पुन्हा मरताना मी कशी बघू?"

तिचा जीव तुटला, पण आईपुढे बायकोनं काय बोलायचं? दुसऱ्या दिवशी तिनं गुंडाचा तुकडा उजेडापुढे धरला, मन भरेपर्यंत बघितला आणि कात्री चालवली. घरी न्यायची सोय नव्हती. ती फीत एका ठिणगीनं भडकायची, म्हणून कापलेलं सगळं पत्र्याच्या पिंपात जायचं. तिनंच तो पिंपात टाकला.

सिनेमा लागला तशी ती सासूबाईंना घेऊन गेली. पाठलाग सुरू झाला. तो आला, थेट समोर उभा राहिला, आणि धावत निघून गेला. आईला तिचाच मुलगा काय दाखवून द्यायचा, म्हणून ती काही बोलली नव्हती. यानंतर तो सिनेमात कुठंच नव्हता.

तिनं शेजारी बघितलं. म्हातारी पुढे वाकून, डोळे ताणून एकेका टोपीखालचा चेहरा शोधत होती.

"आला की सांग हं," सासूबाई कुजबुजल्या. "मला मेलीला नीट दिसत नाही."

तिनं त्यांचा हात आपल्या हातात घेतला.

"सांगते," ती म्हणाली, आणि दोघी पडद्याकडे बघत राहिल्या.