अर्ध्यावर थांबलेल्या घंटेचे आडनाव

मित्रांनो, मी एक जुने आडनाव आहे. नेदोझ्वोनिल. घाईत उच्चारू नका, जीभ चावली जाते. 'ज्याने घंटा पुरती वाजवली नाही तो', असा माझा अर्थ. चेक देशातल्या मोराव्हिया प्रांतात, वर्बोव्हका गावात, एका हिरव्या दारावरच्या पितळी पाटीवर मी राहतो. थोडा मुक्काम दफनभूमीतल्या थडग्यांवरही असतो. जगात इतरत्र मी कुठेही नाही, आणि गावाच्या मते हेच संशयास्पद आहे.

माझा जन्म एका चुकीतून झाला. ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी आमच्याकडच्या साऱ्या घंटा उडून रोमला जातात आणि शनिवारी परत येतात. तोपर्यंत घंटा वाजवायची नाही, लाकडी खुळखुळ्यांवर भागवायचे असते. मातोउश नावाचा घंटा वाजवणारा हे साफ विसरला. शुक्रवारी दुपारी त्याने सवयीने दोर ओढला. घंटा घणघणली. मग त्याला आठवले आणि त्याने दोर मध्येच टाकून दिला. पण तोवर सगळ्या गावाने ऐकले होते.

घंटा रोमला गेलेली असताना इथे वाजली कशी? गावाने मातोउशवर संशय घेतलाच, पण घंटेवरही घेतला. बाकी गावांच्या घंटा गेल्या, आमचीच घरी का राहिली? रोमला तोंड दाखवता येऊ नये असे हिने केले तरी काय? पाद्रीबाबांनी तिला खालून बराच वेळ निरखले. तिने काही कबूल केले नाही. मातोउशला मात्र लोक माझ्या नावाने हाक मारू लागले, आणि त्याच्या वंशातल्या कोणी दोराला हात लावायचा नाही, असे ठरून गेले.

मला धारण करणारी माणसे मोठी होती, पण त्यांच्यावर विश्वास कोणी ठेवला नाही. काश्पर नेदोझ्वोनिलने कुंपण घातले तेव्हा शेवटची फळी बसते की नाही, हे पाहायला गर्दी जमली. काश्परला राग आला. तो आपली जमीन ओलांडून शेजाऱ्याच्या जमिनीतही कुंपण घालत गेला, आणि ओढा लागला म्हणून थांबला. लोक म्हणाले, "बघा, ओढ्यावर अर्धंच सोडलं." रोझालीबाई वारली तेव्हा डॉक्टर म्हणाले, गेली. तरी मृताला मान म्हणून काढायची टोपी लोकांनी संध्याकाळपर्यंत काढली नाही. नेदोझ्वोनिलांचा काय भरवसा!

अशा गावात राहून मलाही संशयाची सवय लागली. हळूहळू माझी माणसे कमी होत गेली. काहींनी शहरात जाऊन मला टाकले आणि सुटसुटीत आडनाव घेतले. शेवटी उरले म्हातारा बोहुमिल आणि त्याची मुलगी झ्दिस्लावा. तिचे लग्न राद्यिम नोवाकशी ठरले. नोवाक! आमच्या देशात कुठल्याही गल्लीत हाक मारा, दोघेतिघे वळून बघतात. लग्नानंतर झ्दिस्लावाही नोवाक होणार, आणि मी बोहुमिलबरोबर मातीत जाणार.

राद्यिमची लक्षणे मला मुळीच ठीक दिसेनात. येता-जाता तो दारावरच्या पाटीवरून बोट फिरवी. झ्दिस्लावाशी कुजबुजे. एके दिवशी त्याने पाना आणून मला दारावरून चक्क उतरवले.

"पाटी कुठे गेली?" बोहुमिलने विचारले.

"घासायला काढलीय, बाबा," राद्यिम म्हणाला.

"घासायला? की माझं नाव पुसायला?"

"पुसायला कशाला? आता मलाही लागणार आहे ते."

बोहुमिलने बाटली काढली. त्याने आलुबुखाराच्या दारूचे दोन पेले भरले आणि दोन्ही स्वतःच प्यायला.

गावात मात्र खळबळ उडाली. घंटाघराची किल्ली फिलोमेना मावशीकडे असे, आणि मतेही तिच्याकडेच असत.

"बायकोचं आडनाव घेतोय? काहीतरी पाणी मुरतंय. नाव कोण बदलतं? ज्याच्या मागे पोलीस असतात तो!"

"मावशी, मी टपालखात्यात कामाला आहे," राद्यिम म्हणाला.

"तेच म्हणतेय मी. पत्ते सगळे ठाऊक!"

आमच्याकडे लग्न लागल्यावर नवऱ्या मुलाने स्वतः घंटा वाजवायची असते. बोहुमिलच्या लग्नात शेजाऱ्याने वाजवली होती. बोहुमिल खिशात हात घालून खाली उभा होता. राद्यिमलाही नकार मिळणार, असे मला वाटले. पण फिलोमेना मावशीने किल्ली पुढे केली.

"वाजवू दे त्याला. पुरती वाजवली, तर तो नेदोझ्वोनिल नव्हेच. खोटा माल!"

मित्रांनो, माझी अवस्था काय सांगू! त्याने पुरती वाजवली तर गाव त्याला कधी आपला म्हणणार नाही. मध्येच सोडली तर जन्मभर हसेल. राद्यिम वर चढला. टोले पडू लागले, स्वच्छ, एकसारखे. फिलोमेना मावशी डोळे बारीक करून ऐकत होती. टोले थांबेनात. बोहुमिलची मान खाली गेली.

आणि तेवढ्यात वरून आरोळी आली, "अरे, माझी बायको!"

लग्नात मित्रांनी नवरी पळवून खानावळीत लपवायची, ही आमची रीत. राद्यिमला खिडकीतून सारे दिसले होते. दोर तसाच टाकून तो जिन्यावरून धडधडत खाली आला आणि खानावळीकडे धावत सुटला. वर घंटा एकदा अर्धवट किणकिणली आणि गप्प झाली.

"आपलाच आहे," फिलोमेना मावशी म्हणाली आणि तिने किल्ली बोहुमिलच्या हातात ठेवली. तो ती कितीतरी वेळ नुसती कुरवाळत राहिला.

एक गोष्ट मात्र मला अजून खटकते. पळवणाऱ्यांच्या पुढे नवरीच चालत होती. आणि एकदा घंटाघराकडे वळून हसलीही.

आता मी पुन्हा हिरव्या दारावर आहे, घासून लख्ख. मित्रांनो, तुमचेही आडनाव कधी कोणाच्या फजितीतून जन्मले असेल. त्याची लाज वाटून ते टाकू नका. अधूनमधून त्यावरची धूळ पुसा. आणि वर्बोव्हकाला आलात तर एवढे करा, मातोउशचे राहिलेले टोले पुरे करायला जाऊ नका. ते बाकी आहेत, तोवरच मी आहे.