पहिला पाठ

गल्लीत स्कूटी स्टँडवर लावतानाच ऋताला आई ऐकू आली.

"अब आप बोलिए," आई म्हणाली आणि थांबली. त्या थांबण्यात चार-पाच बायकांचे आवाज एकदम उठले. मग पुन्हा आईच, "शाबाश. शरमाना नहीं, यहाँ कोई नहीं देख रहा."

आईला, कल्पनाबाईंना, जाऊन वर्ष होऊन गेलं होतं. ऋता हेल्मेट हातात धरून भैरवगढच्या त्या गल्लीत तशीच उभी राहिली. दोरीवर वाळणाऱ्या छापील चादरींना रंगाचा उग्र वास येत होता. हा आवाज तिनेच रेकॉर्ड केलेला, पाठही तिनेच कापूनजोडून तयार केलेले. तरी परक्या खिडकीतून तो असा अवचित आला की पाठ संपेपर्यंत तिला आत जाववायचं नाही. घरी तिने किंवा बाबांनी तो कधी लावला नव्हता.

शाळेचं तोंड न पाहिलेल्या बायकांसाठी मोबाइलवरचे छोटे छोटे पाठ, असा ऋताच्या संस्थेचा तो कोर्स. अक्षरं, आकडे, सही, बँकेतलं काम. नेटवर्कचं नेहमीचं रडगाणं, म्हणून चित्रं कमी आणि बोलणं जास्त. आवाज कुणाचा घ्यायचा असा प्रश्न आला, तेव्हा शाळेतून रिटायर होऊन घरातल्यांनाच शिस्त लावत बसलेली आई आयतीच सापडली. आपल्या मराठी वळणाच्या हिंदीत तिने अख्खा पहिला भाग बोलून दिला, आणि मग ती गेली. दुसऱ्या भागासाठी संस्थेने एका मुलीचा गोड, तरतरीत आवाज घेतला. इथल्या बायकांनी त्यातला एक पाठ ऐकला आणि पुढचे उघडलेच नाहीत. आमच्या बाई कुठे आहेत, एवढंच त्या विचारत राहिल्या आणि जुनेच पाठ पुन्हा पुन्हा लावत राहिल्या.

बाई नाहीत हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. ते काम ऋताचं होतं, आणि ती ते आज-उद्या करत ढकलत आली होती. सकाळी चहा पिताना श्रीधररावांनी, तिच्या बाबांनी, विषय काढलाच.

"तू सांगून टाक बेटा. असं कब तक चालणार?"

सांगते, म्हणून ती उठली. इथे भैरवगढात आई अजून आहे, हे बाबांना कसं सांगायचं ते तिला कळेना. इथे आईची वाट बघतात, तिच्या हिंदीला हसतात. सांगितलं की इथूनही ती जाणार, आणि या वेळी तिला घालवणारी आपण असणार. या विचाराने ऋताला अक्षरशः भीती वाटायची.

दुपारच्या सुट्टीत बायका गेंदाबाईच्या ओसरीवर जमायच्या. गेंदाबाईचा जन्म कापडावर ठसे उमटवण्यात गेला होता, आणि बोलण्यात तिला कुणी हरवलं नव्हतं. ऋताला बघताच तिने फोन बंद केला, चहा मागवला आणि नव्या मुलीची यथेच्छ टिंगल केली. ती म्हणे अशी बोलते, जशी हिची बस सुटत्येय. सगळ्या हसल्या. ऋताही हसली, आणि मग तिने मन घट्ट केलं.

"बाई के बारे में कुछ बताना था," ती म्हणाली.

"पहले ये बताओ, उनकी तबीयत कैसी है?" गेंदाबाईने मध्येच विचारलं. "अब तो एकदम अच्छी होगी."

आईच्या आजाराचा शब्दही इथे कुणी काढला नव्हता. गेंदाबाईनेच मग सगळं सांगितलं. पहिल्याच पाठात त्यांना कळलं होतं, बाईंचा श्वास पुरत नाही. एक वाक्य बोलून थकतात, तरी शिकवतात. सगळ्यांच्या जिवाला घोर लागला. मग त्या सिद्धवटावर, घाटावरच्या त्या पवित्र वडाकडे, गेल्या आणि बाईंसाठी मन्नतीचा धागा बांधून आल्या. आणि खरंच गुण आला. पुढच्या पुढच्या पाठांत आवाज मोकळा होत गेला, आणि शेवटच्या पाठात तर बाई खळखळून हसल्या. नवस फळला होता, आता धागा सोडायचा राहिला होता. तो बाईंच्या घरच्या कुणी सोडावा, म्हणून त्या थांबल्या होत्या.

ऋताने कप खाली ठेवला. तिच्या संस्थेत पाठ तयार करण्याची रीतच उलटी होती. शिकणाऱ्याला शेवटी काय आलं पाहिजे ते आधी ठरवायचं आणि मागे मागे येत सुरुवात गाठायची. पाठ त्याच उलट्या क्रमाने लिहिले गेले, आणि जसे लिहिले तसे आईने बोलून दिले. सगळ्यात शेवटी बोलला तो पहिला पाठ, उशांना टेकून, नाकातली नळी तेवढ्यापुरती बाजूला करून. ऋताने त्यातला सगळा खोकला काढून टाकला होता. श्वास काढता आला नव्हता.

नाही म्हणायला तिची जीभ रेटली नाही. ती बायकांबरोबर निघाली.

सिद्धवटाखाली घाटावर कुणाचे तरी पिंड मांडले होते. गेल्या वर्षी तिथेच आईच्या पिंडांसमोर तिचा भाऊ राजस बसला होता आणि ती मागे पायरीवर. आज तिने तिकडे पाठ केली. गेंदाबाईने धाग्यांच्या गर्दीतून आपला धागा बरोबर शोधून काढला.

"खोलो बेटा."

ऋताने गाठीला हात लावला. तिला रडू फुटलं.

"गेंदाबाई, आई ने... बाई ने पहला पाठ सबसे आख़िर में बोला था."

गेंदाबाई ओठातल्या ओठात पाठ उलटे मोजत गेली.

"और जिसमें हँस रही थीं?"

"वो सबसे पहले."

गेंदाबाई घाटाकडे बघत राहिली. मागच्या बाईने पदर तोंडाला लावला. मग गेंदाबाईने आपला रंगाने निळा पडलेला हात ऋताच्या हातावर ठेवला आणि तो गाठीवरून ढळू दिला नाही.

"हमारे यहाँ से तो ठीक हो के गईं," ती म्हणाली. "खोलो."