औषधावर पाणी

इंद्रभान वानखडे यांनी साऱ्या संसारात बायकोला एकदाही नावानं हाक मारली नव्हती. एसटीत कंडक्टर होते, भरल्या गाडीत ओरडून थांबे सांगायचे, पण घरात पाऊल टाकलं की नुसतं 'अवं' आणि 'ऐक नं'. मग मेंदूत रक्तस्राव झाला. उजवं अंग गेलं, बोलणं गेलं, आणि उरला तो नेमका एकच शब्द, 'बेबी'. पंखा हवा तरी बेबी, कूस बदलायची तरी बेबी. जळगाव जामोदच्या त्यांच्या गल्लीतले लोक येऊन हळहळून जात. बेबीताईंना मात्र आतून सुख वाटायचं, आणि अशा वेळी सुख वाटतं म्हणून लाजही वाटायची.

तो शब्द टिकवायचा तर फिटचे झटके यायला नको होते. मोठ्या झटक्यागणिक राहिलेलं थोडंथोडं जाईल, असं बुलढाण्याच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं. झटक्यांसाठी गुलाबी, दाट औषध होतं. गिळता येत नसल्यानं नाकातून पोटापर्यंत नळी घातलेली. दूध, डाळीचं पाणी, औषध, सगळं सिरिंजनं त्या नळीतूनच.

आधी हे काम सून सुचिता करायची. एका सकाळी औषधामागोमाग ती सिरिंजभर पाणी सोडताना बेबीताईंनी पाहिलं.

"काय करून राह्यली वं तू? औषधावर पाणी?"

"नर्सताईनं सांगतलं, आई. नाही तं औषध नळीतच राह्यते."

"तिच्या मायनं तिले काही शिकवलं नाई वाटते. पाण्यानं औषधाचं सत्त्व जाते. उद्यापासून मीच देईन."

आता आपल्याकडं कोणत्या घरात हा नियम नाही, सांगा. खोकल्याचं औषध पाजलं की पोराला माठाकडं फिरकू द्यायचं नाही, हे बेबीताई आईकडून शिकल्या आणि त्यांनी आपला मुलगा प्रसेनजित तसाच वाढवला. सुचितानं आणखी एकदा सांगून पाहिलं. मग तिनं सिरिंज सासूच्या हातात दिली. सासूपुढं तिनं आणखी काय करायचं?

बेबीताई रोज हात धुवून, पंचशील म्हणून, बाटली हलवून औषध भरायच्या आणि दांडा जोरात दाबायच्या. जोरानं ढकललं की लवकर पोचेल, असा आपला त्यांचा हिशेब. पाण्याचा थेंब नाही. लगेच नळीचं टोपण बंद. दूध बऱ्याच वेळानं. यात कुठं कसर नव्हती हो, सगळा जीव ओतून चाललं होतं.

काही दिवसांनी आधी इंद्रभान यांचा ओठ फडफडला. मग हात. "मेडिकलवाला बनावट माल देते," असा बेबीताईंनी निकाल दिला आणि प्रसेनजितला बाटली आणायला खामगावला पिटाळलं. ती नवी बाटली सुरू असतानाच भरदुपारी मोठा झटका आला. गाडी करून बुलढाण्याला नेलं. डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि विचारलं, "औषध वेळेवर देता ना? रक्तात फार कमी उतरलंय."

"मी माह्या हातानं देते," बेबीताई म्हणाल्या. म्हणताना, हिनंच चोरून पाणी घातलं असेल, अशा संशयानं त्यांनी सुचिताकडं पाहिलं. हेसुद्धा घडलं, ते लपवण्यात अर्थ नाही.

घरी आल्यावर इंद्रभान डोळे उघडत, पंख्याकडं बघत, बेबीताईंकडं बघत. बोलत मात्र नव्हते. शब्द गेला होता.

नंतर नर्स पुष्पांजली नळी बदलायला आली. जुनी नळी काढून ती टाकणार, तोच उजेडात धरून थांबली. तिनं ब्लेडनं नळी उभी चिरली. आतून वरपासून खालपर्यंत गुलाबी. नखानं खरवडलं तर पापुद्रा निघाला.

"औषधामागं पाणी देत नव्हते काय?"

सुचितानं सासूकडं पाहिलं.

"दाट औषध पुढं जाते, पण जाता जाता नळीले पातळ थर सोडते, दुधाच्या भांड्याले साय धरते तसा. जोरानं ढकललं तं थर आणखी जाड होते. मागून पाणी गेलं तं धुऊन पोटात जाते. नाही तं तिथंच वाळते." एवढं बोलून तिनं बेबीताईंचा चेहरा पाहिला आणि नळी घाईनं कागदात गुंडाळली.

बेबीताई खाली बसल्या. रोज ओतलं त्यातलं किती नळीनंच पिऊन टाकलं असेल? जो शब्द त्यांना म्हातारपणी मिळाला होता, तो त्यांच्याच हातानं गेला होता. रडूही येईना.

त्या दिवसापासून औषध पुन्हा सुचिता देऊ लागली. हळू दांडा दाबायची, मागून पाणी. झटके थांबले. शब्द काही आला नाही. बेबीताई पाण्याचा पेला धरून नवऱ्याच्या तोंडाकडं बघत बसायच्या.

एकदा पेला घेता घेता सुचिताच म्हणाली, "मनाले लावून घेऊ नका, आई. तुम्हाले कुठं मालूम होतं?"

"होतं मालूम," बेबीताई म्हणाल्या. "तुनं सांगतलं होतं."