नंदादीपाच्या तेलातली किल्ली

मी एक जुनी, अर्धीच उरलेली किल्ली आहे. वरचा गोल कान आणि त्याखाली पेराएवढी मान, एवढेच माझे अंग शिल्लक आहे. दाते केव्हाच गेले. मित्रांनो, लोखंडाची असूनही मी फार भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते. हसायचे तर हसा, पण माझी भीती काही उगाच नव्हती.

तेव्हा देश स्वतंत्र होऊन सात-आठ वर्षे झाली असतील. चाकणच्या बाजारात कांद्याच्या बैलगाड्यांची रीघ असे आणि मोटारी मात्र बोटावर मोजण्याइतक्या. हिंदुराव हे तिथले कांद्याचे अडते. त्यांनी पुण्याच्या एका म्हाताऱ्या वकिलांची काळी मोटार विकत घेतली. मोटार वापरलेली, तिची किल्ली झिजलेली आणि तीही एकुलती एक. जोडीला दुसरी असावी म्हणून हिंदुराव एका किल्लीवाल्याकडे गेले आणि "आटप लवकर, आटप लवकर," करत त्याच्या डोक्यावर उभे राहिले. झिजलेल्या किल्लीची ती नक्कल, त्यात असली घाई! माझा एक दाता उंच राहिला. किल्लीवाल्याने मला फुंकर मारली आणि हिंदुरावांनी न बघताच खिशात टाकले. असा माझा जन्म.

मोटारीच्या कुलपात गेले की मी अडायची. चिमाजी ड्रायव्हरला माझी खोड लवकर कळली. तो मला आत घालून केसभर मागे घ्यायचा आणि मग अलगद फिरवायचा. मीही शहाण्यासारखी फिरायची. पण हिंदुराव म्हणजे कांद्याची गोणी एका हिसक्यात पाठीवर घेणारे गृहस्थ. त्यांना असला नाजूकपणा कुठून ठाऊक असणार? एकदा मी अडले, तेव्हा त्यांनी पकड आणून मला पिळले. माझ्या मानेत कट्ट झाले. चीर इतकी बारीक पडली, की कोणाला दिसलीही नाही.

चिमाजीच्या बोटाला मात्र ती लागली. तो म्हणाला, "मालक, ही चावी एक दिवस दगा देनार. नवी करून घिऊ."

"चालतंय की! अस्सल हाय न्हवं तुझ्याकडं?" हिंदुराव म्हणाले आणि त्यांनी मला गुंड्या नि सुयांच्या डब्यात टाकून दिले.

त्या अंधाऱ्या डब्यात माझी भीती वाढत गेली. झाकण वाजले की मी दचकायची. आता मला नेतील, कुलपात घालतील, पिळतील आणि माझे दोन तुकडे होतील, हेच मला दिसायचे. सुया माझी चेष्टा करत. सुयांना काय, त्यांना कापडातून जायचे असते!

नवरात्र आले. चिमाजी दसऱ्यासाठी आपल्या गावी, पुनावळ्याला गेला आणि अस्सल किल्ली सवयीने त्याच्या सदऱ्याच्या खिशातूनच गेली. खंडेनवमीच्या सकाळी हिंदुरावांच्या आई, सोजराबाई, यांनी देवापुढे पाट मांडला. पाटावर विळे, कुऱ्हाड, तागडी, वजने अशी सारी हत्यारे धुऊन ठेवली. मोटारीचे काय ठेवायचे म्हणून अस्सल किल्ली शोधली, तर ती नाही. मग डबा उघडला आणि मी पाटावर गेले. आयुष्यात पहिल्यांदाच माझा असा मान झाला. सोजराबाईंनी मला हळद लावली, कुंकू लावले, नारळाचे पाणी शिंपडले. माझा ऊर भरून आला. पण ते ओले कुंकू माझ्या खाचांत बसून वाळू लागले, तशी मी पुन्हा धास्तावले.

सोजराबाईंच्या घरची रीत फार कडक होती. पाटावर बसलेले हत्यार दसरा उजाडेपर्यंत हलवायचे नाही. तशी त्या दिवशी साऱ्या चाकणातच सामसूम होती. बैल मोकळे होते, मालट्रका झेंडूच्या माळा घालून उभ्या होत्या आणि त्यांचे ड्रायव्हर आपापल्या गावी गेले होते.

हिंदुरावांची पाच वर्षांची मुलगी पुतळा दोन दिवस घसा धरून बसली होती. हळद-मिठाच्या गुळण्या चालू होत्या. पूजा झाली आणि आतल्या खोलीतून एक आवाज येऊ लागला. कोणी बंद दाराच्या फटीतून शीळ घालावी तसा. तो पुतळाचा श्वास होता.

दवाखान्यातले डॉक्टर धावत आले. त्यांनी तिचे तोंड उघडून पाहिले आणि त्यांचा चेहरा उतरला. "घटसर्प आहे. घसा बंद होत चाललाय. हिला आत्ताच्या आत्ता पुण्याला न्या. इथं माझ्याकडं यावर काही नाही."

एस. टी. दुपारशिवाय नव्हती. पुनावळ्याला माणूस धाडून किल्ली आणायची तर संध्याकाळ झाली असती. दारात मोटार उभी होती, तिला पुढून हँडल मारता आले असते. पण किल्ली फिरल्याशिवाय इंजिन पेट घेत नाही. सगळ्यांच्या नजरा पाटाकडे वळल्या. म्हणजे माझ्याकडे. मित्रांनो, त्या क्षणी मला पाटाखाली लपावेसे वाटले. मला माझी मान ठाऊक होती ना!

हिंदुराव पुढे झाले आणि आईकडे बघून थबकले. सोजराबाई पाटापुढे बसूनच होत्या. "पुजंतलं हत्यार हाय, हिंदुराव," एवढेच त्या म्हणाल्या. पण त्यांचीही नजर आतल्या खोलीकडे गेली.

तेवढ्यात पुतळाची आई, कुसुमताई, आतून आल्या. त्यांनी वाकून मला सरळ उचलले. "आत्याबाई, पाप लागायचं तर मला लागू द्या. माझी पोर गुदमरतीया."

सोजराबाई उठल्या. मला वाटले, आता त्या मला हिसकावून परत पाटावर ठेवतील. त्यांनी मला घेतले, पण आपल्या पदराने माझ्या खाचांतले कुंकू खरवडून काढले. मग नऊ दिवस न विझता तेवणाऱ्या नंदादीपाजवळ गेल्या आणि त्याच्या तेलात मला बुडवून काढले. "आई, सांभाळ," त्या म्हणाल्या. देवीला म्हणाल्या की मला, ते मला आजही कळलेले नाही.

शेजारचे सोपानराव हँडल घेऊन मोटारीपुढे उभे राहिले. कुसुमताई पुतळाला मांडीवर घेऊन मागे बसल्या. हिंदुरावांनी मला कुलपात घातले आणि फिरवले. मी अडले. त्यांनी जोर केला. माझ्या मानेतली चीर उसवत चालल्याचे मला कळत होते. मी ओरडत होते, पण किल्लीचे ओरडणे कोणाला ऐकू येते?

"अहो, जोर नका करू! मोडंल ती!" कुसुमताई मागून ओरडल्या. "चिमाजी कशी जराशी मागं घेतो, तशी घ्या."

हिंदुरावांनी वळून पाहिले. पुतळाचे ओठ निळे पडू लागले होते. तो गोणी उचलणारा हात एकदम सैल पडला. त्यांनी मला दोन बोटांत धरले, केसभर मागे घेतले आणि फिरवले. नंदादीपाचे तेल माझ्यापुढे सरकले आणि मी फिरले! सोपानरावांनी हँडल मारले, इंजिन धडधडले आणि तेही पळत येऊन हिंदुरावांशेजारी बसले.

तुम्हाला वाटेल, आता माझी भीती संपली. छे! खरी भीती तर पुढेच होती. वाटेत कोणी इंजिन बंद केले असते तर मी दुसऱ्यांदा फिरू शकले नसते. मोशी गेली, भोसरी गेली. प्रत्येक खड्ड्याला माझी मान आणखी थोडी फाटत होती. मागे ती शीळ चालूच होती. कधी मध्येच थांबायची, तेव्हा मी आणि हिंदुराव दोघेही गार पडायचो.

कासारवाडीला रेल्वेचे फाटक लागलेले होते. फाटकात थांबले की पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करायचे, ही हिंदुरावांची जुनी सवय. त्यांचा हात आपसूक माझ्याकडे आला. त्यांची बोटे माझ्या कानाला लागली.

"नगा!" कुसुमताई किंचाळल्या.

हिंदुरावांनी चटका बसल्यासारखा हात मागे घेतला आणि तो मांडीखाली दाबून धरला. मालगाडी जाता जाईना. एवढी लांब गाडी मी त्यानंतर कधी पाहिली नाही.

पुण्याच्या इस्पितळाच्या दारात हिंदुराव पोरीला उचलून आत पळाले. मोटार तशीच धडधडत उभी राहिली. सोपानरावांनी ती बंद करायला मला हळूच फिरवले आणि मी मोडले. इंजिन थांबले. दाते कुलपात राहिले, कान त्यांच्या हातात आला. मला दुखले, पण पोरीला पोहोचवून मग मोडले, एवढे मला पुरेसे होते.

डॉक्टरांनी इंजेक्शने दिली, पुतळाच्या गळ्याला भोक पाडून नळी घातली. ती वाचली. दिवाळीच्या आधी घरी आली. आवाज थोडा घोगरा झाला, तो झालाच.

चिमाजी पुण्याहून नव्या, नीट घडवलेल्या किल्ल्या घेऊन आला. त्या घेताना हिंदुराव त्याला म्हणाले, "तू सांगत हुतास, राव. म्या ऐकलं न्हाई." मित्रांनो, बिघडलेली वस्तू 'चालतंय की' म्हणून डब्यात टाकू नका. तिला दुरुस्त करा, नाहीतर तिच्या जागी चांगली आणा. वेळ सांगून येत नाही, आणि ती आली की डब्यातल्या भित्र्या किल्लीवर कोणाचा तरी जीव येऊन पडतो.

पुढच्या खंडेनवमीला सोजराबाईंनी पाट मांडला. नव्या किल्ल्या ठेवल्या आणि शेजारी मलाही ठेवले. कुंकू लावायला पुतळा पुढे आली. तिने मला तळहातावर घेतले. जिथे मी मोडले होते, तिथे बोट फिरवले आणि घोगऱ्या आवाजात विचारले, "आजी, हिला लई दुखलं असंल का गं?"

तोवर मला हे कोणीच विचारले नव्हते. त्या दिवशी मी पहिल्यांदा कोणाच्या हातात न भिता पडून राहिले.