तारेवरची फडकी

करसल्लागारांच्या खोलीत पंखा होता, पण कागद उडतात म्हणून तो लावायची त्यांची तयारी नसायची. चिमी घाम पुशीत समोर बसली होती. जुन्या लाकडी सामानाला नवं रूप कसं द्यावं यावर ती ब्लॉग लिहायची, आणि त्या ब्लॉगमुळे एका वाचकाचं घर जळालं होतं. निदान त्याच्या वकिलांचं म्हणणं तसं होतं.

“नेमकं काय लिहिलं होतं तुम्ही?”

“टेबलाला जवसाचं तेल लावून झालं की फडकी घट्ट गुंडाळून टोपलीत ठेवा, असं.” चिमी म्हणाली. “तेलाची फडकी अशी कोंबून ठेवली की आतल्या आत तापतात आणि आपोआप पेट घेतात. मला कुठे ठाऊक होतं? फोटोत नीटनेटकं दिसावं म्हणून मी गुंडाळली.”

घ्या. बाईसाहेबांच्या नीटनेटकेपणापायी एका संसाराची राख झाली आणि घरातल्या म्हाताऱ्याचे दोन्ही हात भाजले. ते हात चिमीने पाहिले नव्हते, तरी डोळा लागला की तेच दिसायचे.

“ब्लॉगची कंपनी वगैरे केलीय?”

“ब्लॉगला कसली आलीय कंपनी? स्वयंपाकघरात बसून लिहिते मी.”

“सगळे असंच म्हणतात. बरं, उत्पन्न कुणाच्या नावावर दाखवता?”

इथे चिमी जरा अडखळली. “निम्मं माझ्या, निम्मं दादाच्या. कर कमी बसतो ना. त्याच्या खात्यात येतात ते पैसे तो मलाच आणून देतो. मैत्रीण म्हणाली, सगळेच करतात.”

करसल्लागारांनी पेनाला टोपण लावलं. लिहिण्यासारखं काही उरलं नाही की माणसं पेन बंद करतात, आणि चिमीला ते बघूनच धडकी भरली.

“आणि ब्लॉग कोण चालवतं म्हणून लिहिलंय?”

“आम्ही दोघं भावंडं, असं. लोकांना घरगुती आवडतं. त्यात दादा सुतार, म्हणजे वाचणाऱ्यांचा विश्वास बसतो. तो करत काहीच नाही हो. फोटोत त्याचे हात असतात, तेवढेच.”

“मग झाली की भागीदारी.”

“पण आम्ही कुठे सही केलीय?”

“सही लागत नाही. नफा वाटून घेतलेला दिसतो, जगाला दोघं म्हणून सांगितलंय. भागीदारीत एकाच्या चुकीपायी दुसरा पुरता अडकतो, निम्मा नाही. कंपनी असती तर निदान त्याचं घरदार बाजूला राहिलं असतं. तुमचं घर भाड्याचं, तुमच्याकडून त्यांना काय मिळणार? भावाचं काय आहे?”

दादाची सुतारशाळा होती आणि तिच्यावर राहायच्या खोल्या. वहिनी, पोरी, अंथरुणाला खिळलेली आई, सगळ्यांचं छप्पर तेवढंच.

“एक वाट आहे,” करसल्लागार म्हणाले. “लिखाणाशी त्याचा काडीचा संबंध नाही, हे खरं ते सांगायचं. पण मग त्याच्या नावावर दाखवलेलं उत्पन्न खोटं ठरतं. तो दंड, ती चौकशी, सगळं तुम्हाला निस्तरावं लागेल.”

“माझ्यावर येऊ दे. त्याला ओढू नका.”

“मग भावाला सांगून ठेवा. कुणी काही विचारलं तर तोंड उघडायचं नाही.”

वाटभर ती दादाला फोन लावत राहिली. करवत चालू असली की दादाला काही ऐकू येत नसे. आधी ती त्याच्यावर चिडली, मग स्वतःवर. वकिलांचं प्रकरण तिने त्याला सांगितलंच नव्हतं, उगाच कशाला त्याच्या जिवाला घोर. मेलं ते लपवणं आता चांगलंच महागात पडणार होतं.

ती पोचली तेव्हा दादा तेलाची फडकी पिळून एकेक तारेवर वाळत घालत होता.

“ये, चिमे. आत्ताच तुझा एक चाहता येऊन गेला.”

“कोण?”

“सभ्य माणूस होता. कपाट करायचंय म्हणून आला, पण बोलला सगळं ब्लॉगबद्दलच. लिहितं कोण म्हणाला. मी म्हटलं, लिहिते ती, पण मला वाचून दाखवल्याशिवाय एक ओळ टाकत नाही.”

“दादा, तू आजवर त्यातली एक ओळ वाचलेली नाहीस.”

“ते त्याला कशाला सांगू? माझी बहीण मनाला येईल ते खरडते असं वाटायचं त्याला. म्हटलं, दोघांचं आहे आमचं, निम्मं-निम्मं.” स्वारी भलतीच खुशीत होती. “फोन इथे टेबलावर ठेवूनच बोलत होता. घरी जाऊन पुन्हा नीट ऐकतो म्हणाला.”

चिमी रंध्याच्या बाकावर टेकली. वरच्या मजल्यावर पोरी धावत होत्या, छताच्या फळ्या वाजत होत्या.

“अजून काय विचारलं?”

“ही फडकी अशी सुटी का टाकता, म्हणाला. मी सांगितलं, गोळा करून ठेवली तर आपोआप पेटतात. मग विचारतो, हे तुम्हाला कधीपासून ठाऊक आहे?” दादाने शेवटचं फडकं झटकून तारेवर टाकलं. “म्हटलं, लहानपणापासून. बाबांनी सगळ्यात आधी शिकवली ती हीच गोष्ट.”