डोंगरी पट्टी

आमच्या घरात दोन बायका आहेत. एक मी, आणि दुसरी अंगणात पत्र्याच्या शेडखाली उभी असलेली. तिला आमचे हे 'बाईसाहेब' म्हणतात आणि मला 'अगं' म्हणतात. यावरून काय ते समजा.

बाईसाहेब म्हणजे चारही चाकांना जोर असलेली, डोंगर चढणारी जुनी गाडी. तिचा कारखाना कधीच बंद पडला. तशा गाड्या मोजक्याच निघाल्या आणि त्यातल्या बहुतेक भंगारात गेल्या. हीसुद्धा भंगारवाल्याकडेच सापडली, आत कोंबड्यांनी संसार थाटलेला असताना. हे शाळेत भूमिती शिकवायचे. निवृत्त झाल्यावर माणसं सकाळी फिरायला जातात, हे गाडीखाली शिरले. तेव्हापासून जेवायला बोलवायचं झालं की मी बॉनेटवर टिचकी मारते आणि खालून पाय हलतात.

मला बोलायला तोंड नाही म्हणा. माझंही पोट गाड्यांवरच चालतं. मी सीटा शिवते, ताडपत्रीची छपरं शिवते. शिकवलं कुणी नाही. एक फाटकी सीट उसवत गेले, कुठला टाका कशावर आहे ते बघत गेले आणि उलट्या क्रमानं परत शिवली. पहिली सीट बटाट्याच्या पोत्यासारखी झाली. दुसरीवर लोक बसले.

तर, जुन्या डोंगरी गाड्यांचं एक मंडळ आहे. वर्षातून एकदा मैदानावर सगळे गाड्या आणतात. त्यातली पहिली रांग ही मानाची. कारखान्यातून निघाल्यापासून आजपर्यंत कोण कोण मालक झाले, हे ज्या गाडीचं सलग सांगता येतं, तीच तिथं उभी राहते. आमच्या बाईसाहेबांच्या वंशावळीत मधेच एक भगदाड होतं. कारखान्यातून ती जमीन मोजणाऱ्या खात्याकडे गेली, तिथून लिलावात निघाली, इथवर माहीत होतं. शेवटी भंगारवाला, तोही माहीत होता. मधलं आयुष्य तिनं कुठं काढलं, देव जाणे.

"एकदा पहिल्या रांगेत उभी राहिली ना, की मी सुटलो," हे म्हणायचे.

"म्हणजे गाडीखालून बाहेर याल?"

"तसं नाही म्हणालो मी."

वंशावळ अर्धी असली तरी आमच्याकडे एक हुकमाचा पत्ता होता. गाडीच्या पोटाखाली, चासीच्या, म्हणजे सांगाड्याच्या, बरोबर मध्यावर, दोन्ही बाजूंना एकेक जाडजूड लोखंडी पट्टी होती, आणि प्रत्येक पट्टीला ओळीनं तीन भोकं. ह्यांनी गंज घासून ती चकचकीत केली, रंगवली आणि मंडळाच्या अंकात आकृत्यांसकट लेख लिहिला. चढावर गाडीची कंबर मोडू नये म्हणून कारखान्यानं खास दिलेला आधार, आणि भोकं आहेत ती वजन कमी करण्यासाठी. मंडळाचे भिंगकाका स्वतः येऊन पडताळून गेले. गाडी अस्सल की नकली हे ठरवायचा अधिकार त्यांचा. गळ्यात कायम भिंग, म्हणून भिंगकाका. पाऊण तास आमच्या अंगणात उताणे पडले आणि बाहेर येऊन म्हणाले, "मास्तर, ही डोंगरी पट्टी. ऐकून होतो, आज पाहिली." ऐकून होते म्हणजे ह्यांच्याच लेखात वाचलं होतं, पण ते जाऊ दे. पुढं मंडळातल्या दोघांना आपल्या गाडीला पट्टी नाही याचं इतकं वाईट वाटलं, की त्यांनी ती करून घेतली. भोकांसकट.

यंदा मेळाव्याआधी मी बाईसाहेबांच्या सीटा उसवायला घेतल्या. पुढच्या सीटांत काथ्या निघाला, मागच्या बाकांत घोड्याचे केस. पुढं टाका मोठा आणि सैल, मागं बारीक आणि घट्ट. पुढच्या सीटखाली वाळकी माती, मुळांचे तुकडे आणि रोपांना अडकवतात तशी जस्ताची एक चकती. तिच्यावर एका रोपवाटिकेचा ठसा. मागच्या बाकाखाली पांढरे राठ केस, सुक्या लेंड्या आणि करडाला दूध पाजायचं रबरी बूच. ड्रायव्हरच्या सीटमागं कोंबलेली एक सुटी उशी सापडली, ती वेगळीच.

मी ह्यांना हाक मारली. "अहो, ह्या एका गाडीच्या सीटा नाहीत. पुढची बाई वेगळी, मागची वेगळी."

"सीटा बदलतात गं लोक."

"बदलणारा पुढच्या आधी बदलतो. इथं सगळ्या मूळच्याच आहेत. नुसत्या दोघींच्या आहेत."

"तू शिवण बघ, मी चासी बघतो," हे म्हणाले, पण चकती बघून डोळे चमकले. ती रोपवाटिका अजून चालू होती. दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही बाईसाहेबांना घेऊन डोंगराच्या रस्त्याला लागलो.

रोपवाटिकेच्या फाटकाशी गाडी थांबते न थांबते तोच दोन म्हाताऱ्या बाहेर आल्या. एक उंच, काठीसारखी ताठ. दुसरी तिच्या खांद्याएवढी, हातात झारी. दोघी सख्ख्या जावा. नवरे कधीच गेलेले.

"आली का शेवटी!" उंच थोरली म्हणाली. आम्हाला नाही, गाडीला.

"जाऊबाई, रंग बदललाय हो हिचा."

"तुझापण बदललाय. कुणी काही बोललं का?"

धाकटी झारी खाली ठेवून गाडीच्या मागं गेली आणि मागच्या फळीवरून हात फिरवत राहिली. थोरली पुढं बॉनेटपाशी. मधे कुणीच नाही. मला तेव्हाच काहीतरी कळल्यासारखं झालं. ह्यांना मात्र वहीत मालकाचं नाव लिहायची घाई.

"म्हणजे लिलावात गाडी तुम्ही घेतलीत?" ह्यांनी थोरलीला विचारलं.

"दोन घेतल्या. एक मी, एक हिनं. माझी रोपं, हिच्या बकऱ्या. नवऱ्यांचा काही उपयोग नव्हता, दोघा भावांना गाडीत बसलं की ओकारी यायची."

"मग ही तुमची की त्यांची?"

"पुढून माझी," थोरली म्हणाली.

"मागून माझी," धाकटी म्हणाली.

हे हसले. गंमत करताहेत असं त्यांना वाटलं. मग त्या दोघींनी एकमेकींची वाक्यं तोडत जे सांगितलं ते असं. एका वादळात थोरलीच्या गाडीच्या मागच्या अंगावर झाड पडलं आणि त्याचा चेंदामेंदा झाला. त्याच पावसाळ्यात धाकटीची गाडी ओढ्यात तोंडावर पडली आणि पुढचं काही उरलं नाही.

"मी उडी मारली म्हणून वाचले," धाकटी म्हणाली.

"आधी बकरी फेकली बाहेर, मग हिनं उडी मारली," थोरली म्हणाली.

"गाभण होती ती!"

खालच्या वस्तीतला लोहार आला. त्यानं दोन्ही गाड्या मधोमध कापल्या आणि चांगल्या दोन अर्ध्या गोठ्यात जोडल्या.

ह्यांच्या हातातलं पेन थांबलं. "जोडल्या... कशानं?"

"गोठ्याचं जुनं फाटक होतं ना, त्याच्या पट्ट्यांनी. अजून आहेत की खाली. तीन तीन भोकं असतील बघा."

"ती भोकं..." हे गाडीच्या पोटाकडे बघत म्हणाले.

"बिजागरीची," धाकटी म्हणाली. "चौथं गंजून गेलं होतं."

मी रोपांकडे बघायला लागले. ह्यांच्याकडे बघितलं असतं तर हसू आवरलं नसतं, आणि त्या घडीला हसणं म्हणजे लग्न मोडायचं काम होतं.

चहा झाला. सुटी उशी मी दाखवली तर धाकटीनं ती छातीशी धरली. तिला समोरचा रस्ता दिसावा म्हणून ती उशी. एकच गाडी झाल्यापासून दोघी आळीपाळीनं चालवायच्या, आणि उशी ठेवली की काढली यावरून रोज भांडण. त्याआधी तर त्यांचं बोलणंच नव्हतं, थोरली सहज म्हणाली. बकऱ्यांनी रोपं खाल्ली होती कधीतरी. "पण गाडी एकच म्हटल्यावर काय करता? हिला बाजारात जायचं तर मला विचारावं लागे, मला जायचं तर हिला. गुडघे गेले तेव्हा भंगारवाल्याला विकली. दोघींचे एकदमच गेले."

हे वही मांडीवर ठेवून बसले होते. पहिल्या रांगेच्या कागदावर एका गाडीला एकच ओळ असते. एक मालक, त्याच्या पुढचा मालक, त्याच्या पुढचा. जोडलेल्या गाडीला तिथं जागाच नाही. मात्र इंजिन पुढं असतं, नंबरही पुढचाच धरतात. एकट्या थोरलीचं नाव लिहिलं की भगदाड बुजत होतं. पट्टी रंगाखाली झाकलेली होती आणि तिला अस्सल ठरवणारे भिंगकाकाच होते. कुणाला काही कळलं नसतं.

हे सगळं त्यांनी खरं खरं त्या दोघींसमोर मांडलं. भूमितीचे मास्तर, पायऱ्या गाळत नाहीत.

धाकटीनं उशीवरची धूळ झटकली. "मग जाऊबाईंचंच लिहा की," ती म्हणाली. "माणसं गाडी पुढूनच बघतात."

आम्ही घाट उतरायला लागलो. मी मागच्या बाकावर बसले होते. मुद्दाम.

"अगं, पुढं ये ना."

"नको. इथं बरं आहे. मागच्यांचं नाव वहीत लिहीत नाहीत म्हणे."

"मी माझ्या हातानं लेख लिहिलाय," हे म्हणाले. "आकृत्या काढल्यात. भिंगकाकांनी सही केलीय. दोन माणसांनी धडधाकट गाड्यांना फाटकं जोडून घेतलीत! मी काय तोंड दाखवू मंडळात?"

"हेच दाखवा. दुसरं कुठून आणणार?"

आरशात ते माझ्याकडे बघत राहिले. मग इतक्या जोरात हसले की बाईसाहेब रस्ता सोडून कडेला गेल्या. "वजन कमी करण्यासाठी!" ते डोळे पुसत म्हणाले. "बिजागरीची भोकं!" पण हसू ओसरल्यावर त्यांनी गाडी सावकाश रस्त्यावर घेतली. पहिली रांग गेली होती, आणि ते आम्हा दोघांनाही कळलं होतं.

मेळाव्याच्या सकाळी मैदान लखलखत होतं. आमच्या गाडीत चौघं: हे, मी आणि दोन जावा. त्या येतो म्हणाल्या नव्हत्या, फक्त किती वाजता घ्यायला येताय एवढं विचारलं होतं. थोरली पुढं, धाकटी आणि मी मागं. सीटा मी जशा निघाल्या तशाच शिवल्या होत्या. पुढं सैल टाका, मागं घट्ट.

भिंगकाका कागद घेऊन आले. "या मास्तर! पहिल्या रांगेत जागा ठेवलीय. मिळालं का मधलं नाव?"

ह्यांनी गाडीतून एक पाटी काढून बॉनेटला टेकवली. मधोमध उभी रेघ. डावीकडे पुढच्या अर्ध्या भागाची वंशावळ, उजवीकडे मागच्या भागाची, रेघेखाली दोघी जावांची नावं एका ओळीत आणि त्याखाली पट्टीची आकृती. आकृतीत बिजागरीसुद्धा काढली होती. अक्षर असं, की जणू फळ्यावर लिहिलंय.

भिंगकाकांनी वाचलं. भिंग लावून पुन्हा वाचलं. कान लाल झाले. "म्हणजे डोंगरी पट्टी..."

"गोठ्याची," हे म्हणाले. "चूक माझी. पुढच्या अंकात दुरुस्ती देतो."

तोवर पट्टीवाले दोघं सभासद येऊन ठेपले होते. त्यातल्या एकानं दबक्या आवाजात विचारलं, "मग माझ्या गाडीला आहे ती?"

थोरलीनं खिडकीतून मान बाहेर काढली. "तुझ्याकडे बकऱ्या आहेत?"

"नाहीत."

"मग काढून टाक बाबा. उगाच ओझं."

भिंगकाका हसले नाहीत. नियमाचा माणूस. कागदावर काट मारताना त्यांचा हात जरा रेंगाळला, पण मारली. "पहिली रांग एकसंध गाडीची, मास्तर. तिकडं कडेला, झाडाखाली लावा."

"माझ्या अर्ध्यापायी झालं हे," धाकटी मागून म्हणाली.

"मावशी, त्या अर्ध्याशिवाय गाडीला दोनच चाकं," हे म्हणाले. "दोन चाकांवर आयत उभा राहत नाही. मी हे आयुष्यभर शिकवलंय." आणि त्यांनी बाईसाहेबांना स्वतःच्या हातानं कडेला नेलं. मान ताठ होती. डोळे नव्हते, पण ते फक्त मला दिसलं.

झाडापलीकडे चिखलाचा एक चढ होता. पहिल्या रांगेतल्या गाड्या त्याच्याकडे बघतही नाहीत, रंग खराब होतो. थोरली म्हणाली, "आता मान गेलाच आहे तर चढव की."

ह्यांनी चढवली. बाईसाहेबांनी एकदा कण्हून घेतलं, चारही चाकं रोवली आणि म्हशीनं तलावातून उठावं तशा वर आल्या. खाली टाळ्या पडल्या. उतरलो तर झाडाखाली गर्दी. ज्याला त्याला पाटी वाचायची होती आणि पोटाखाली वाकून फाटक बघायचं होतं. धाकटीला चौथ्या भोकाची आणि ओढ्याची गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावी लागली. दर वेळी ती गाभण बकरी थोडी मोठी होत गेली.

गर्दी पांगल्यावर भिंगकाका आले. भिंग खिशात ठेवलेलं. घसा खाकरून म्हणाले, "मास्तर, त्या चढावर... मला एकदा न्याल का?"

"मला काय विचारता?" हे म्हणाले. "पुढची जागा भरलीय. मागची मालकीण मागं बसलीय."

भिंगकाका मागं आले आणि टोपी काढून उभे राहिले. धाकटीनं त्यांना वरपासून खालपर्यंत नीट न्याहाळलं.

"बसा," ती म्हणाली. "पण पाय वर घ्या. तिथं बकरी बसायची."

"काय चाललंय गं मागं?" थोरली पुढून ओरडली.

"माझ्या हद्दीत डोकावायचं नाही, जाऊबाई!"

ह्यांनी आरशात माझ्याकडे बघितलं आणि गिअर टाकला.